पांगाऱ्याची विमानं

पेणहून रोह्याला जाताना वाटेत नागोठणं लागतं. तिथंच आंबा नदीच्या काठच्या एका वाडीत माझं घर. पडवीतून आत आलं की समोर फळी दिसते. देव आतल्या खोलीत आहेत. या फळीवर विमानं आहेत, सात. सगळी लढाऊ आणि सगळी वीतभराच्या आतली. पाहुणा आला की हसतो आणि विचारतो, "नातवाची का?" मी म्हणतो, "माझी." मग पुढं काय बोलावं ते त्याला सुचत नाही. भात लावणारा माणूस, सहासष्ट वर्षांचा, आणि विमानं करत बसतो! म्हणून एकदा सगळं सांगून टाकतो.

१९७१ च्या डिसेंबरात मी सातवीत होतो. मुंबईत ब्लॅकआउट चालू होता. आमच्या वाडीत वीजच नव्हती, तरी थोरली माणसं कंदील झाकून ठेवायला सांगत. दुकानातल्या रेडिओभोवती संध्याकाळी अख्खी वाडी गोळा व्हायची. तिथं मी 'नॅट' हे नाव ऐकलं. १४ डिसेंबरला श्रीनगरच्या तळावर पाकिस्तानी सेबर विमानं आली आणि निर्मलजीत सिंग सेखों एकटे नॅट घेऊन त्यांच्यावर गेले. ते परत आले नाहीत. हवाई दलातलं परमवीरचक्र आजवर त्यांचं एकट्याचंच. पुढं पेपरात नॅटचं चित्र आलं, ते मी कापून भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं.

माझा मामा पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला होता. त्याच्याकडून मूठभर शाडू आणला आणि चित्र बघून नॅट केलं. दोन दिवसांत माती सुकली आणि दोन्ही पंख गळून पडले. पुन्हा केलं, पुन्हा पडले. मामा म्हणाला, "येड्या, गणपतीचा हात तरी अधांतरी राहतो का? त्यालासुदा आधार द्यावा लागतो. तू लाकडाचं कर."

१९७५ साली मी दहावी झालो आणि वडिलांच्या मागं शेतात उतरलो. लावणी आटोपली की गणेशचतुर्थीपर्यंत पेणला मामाच्या हाताखाली जायचं, असं बरीच वर्षं चाललं. तिथं मी तीन गोष्टी शिकलो. पॉलिश पेपर कसा मारायचा, रंगाचा हात पातळ कसा द्यायचा आणि घाई कशी करायची नाही.

लाकूड पांगाऱ्याचं. आपल्याकडं कुंपणाला असतो तो. हलकं आणि मऊ, पटाशी लोण्यात शिरावी तशी शिरते. फांदी थंडीत तोडायची आणि सावलीत वाळवायची, उन्हात ठेवली तर तडकते. मग कोयत्यानं ढोबळ आकार, पटाशीनं बारीक, कानस आणि शेवटी पॉलिश पेपर. पंख बांबूच्या चिपेचे, खाच पाडून अंगात बसवलेले आणि फेविकॉलनं पक्के केलेले. वैमानिकाच्या डोक्यावरची काच औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची. तिचा फुगीर भाग कापला की नेमका बसतो. शेपटीवरचा तिरंगा आणि पंखांवरची गोल खूण, आत हिरवा, मग पांढरा, बाहेर केशरी, हे मामाच्या जुन्या कुंचल्यानं.

आधी मी सगळं अंदाजानं करायचो. मग मुंबईला गोदीत असलेल्या चुलतभावानं एक खोका आणला. आत स्पिटफायर नावाच्या जुन्या विमानाचे प्लॅस्टिकचे सुटे भाग, कापून चिकटवायचे. खोक्यावर लिहिलं होतं १/७२. शाळेतल्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "सोपं आहे. सहा फुटांचा गडी उभा केला तर तो एक इंचाचा होईल. जितके फूट असतील त्याला सहानं भाग, इंच मिळतील." केवढी मोठी गोष्ट त्यांनी एका वाक्यात सांगितली! नॅट २८ फूट ८ इंच लांब, म्हणजे माझं पावणेपाच इंचांचं. पंख टोकापासून टोकापर्यंत २२ फूट, म्हणजे पावणेचारला जरासं कमी. तेव्हापासून मापात एक दोरा इकडंतिकडं झालं तरी मी ते चुलीत घातलं. वडील म्हणायचे, "बांधाची मापं कधी अशी घेतलीस?"

आता जे सांगायचं ते सांगतो.

१९८९ च्या जुलैत आंबेला पूर आला. वर जांभूळपाड्याला तर माणसं वाहून गेली. आमच्याकडं रात्री पाणी अंगणात आलं, आणि बघता बघता उंबऱ्यावर चढलं. बायकोनं पोराला काखेत मारलं आणि बियाण्याची पिशवी माळ्यावर टाकली. मी काय केलं? मी कॉटखालची पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात नऊ विमानं होती. ती माळ्यावर चढवली, वर गोणपाट घातलं, मग गोठ्याकडं धावलो. म्हैस दावं तोडून गेली होती. रेडकू दाव्यालाच होतं. पाणी माझ्या छातीला लागत होतं आणि ओली गाठ बोटांनी सुटेना. कोयता आणायला मागं फिरलो. परत येईपर्यंत उशीर झाला होता.

पाणी ओसरल्यावर बायको एवढंच म्हणाली, "तुमची इमानं ऱ्हायली ना?" पुन्हा तिनं कधी तो विषय काढला नाही. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. पेटी मी माळ्यावरून खाली काढलीच नाही. सोळा वर्षं.

मग २००५ च्या सुमारास रोह्याकडचे एक काका बियाण्याचं विचारायला आले. हवाई दलातून निवृत्त झालेले, नॅटवर फिटर होते. मुलानं हौसेनं पेटी खाली काढली. काकांनी नॅट हातात घेतलं, उलटं केलं, चाकांच्या जागा बघितल्या, मान हलवली. मला बरं वाटलं. मग काचेतून आत बघत म्हणाले, "ह्याच्यात माणूस कुठाय?"

मी म्हणालो, "माणूस केलाच नाही कधी."

ते म्हणाले, "आम्ही त्याचा पट्टा आवळून द्यायचो आणि शिडी काढायचो. विमान यायला उशीर झाला की कुणी 'विमान कुठाय' नाही विचारायचं. 'साहेब कुठायत' विचारायचे."

चहा पिऊन ते गेले. मी रात्रभर जागा होतो. पंधरावीस वर्षं मी दोऱ्याचं माप धरून नॅट केली, आणि सेखोंचं नाव घेत घेत त्यांची जागा रिकामी ठेवली. पुरातही मी तेच केलं होतं. जीव असलेलं गोठ्यात राहिलं आणि लाकूड माळ्यावर चढलं.

दुसऱ्या दिवशी पेणहून शाडू आणला. सहा फुटांचा गडी एक इंचाचा. बसलेला असला तर त्याचं खांद्यावरचं एवढंसंच दिसतं, तांदळाच्या दोन दाण्यांएवढं. चष्म्याशिवाय होत नाही. तीन फसले, चौथा जमला. नॅटची काच काढून त्याला आत बसवला. तेव्हापासून मी माणूस आधी करतो. तो सुकला की मग पांगाऱ्याला हात घालतो. जुन्या नवांपैकी दोन मी वाडीतल्या पोरांना खेळायला दिली. उरलेल्या सातांत माणसं बसवली.

परवा, २०२५ च्या सप्टेंबरात, चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला. टीव्हीवर बघत होतो. आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातही ही विमानं तयार झाली होती. मी फळीवरचं मिग काढून हातात धरलं. बायको शेजारी येऊन बसली, तिनं ते घेतलं, काचेत डोकावली आणि म्हणाली, "बसलाय व्यवस्थित."

पावसाळ्यात मी अजून जनावरांच्या दाव्याला एका हिसक्यात सुटेल अशीच गाठ मारतो. झोपायच्या आधी एकदा ओढून बघतो.