ळ कशाचा?

मराठीत ‘ळ’ने सुरू होणारा शब्द नाही. पहिलीच्या वर्गातल्या तक्त्यावर क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गवताचा अशी रांग सुरळीत चालत येते आणि पार शेवटी ‘ळ बाळाचा’पाशी अडते. चित्रात बाळ आहे. मूल ‘बाळ’ म्हणतं आणि त्याच्या कानावर आधी पडतो तो ब. तक्ता तोंडपाठ असलेल्या मुलासमोर नुसतं ‘ळ’ लिहिलेलं कार्ड धरलं की ते ठामपणे सांगतं, ‘बाळ!’ चित्र त्याने ओळखलेलं असतं, अक्षराचा आवाज मात्र त्याला अजून भेटलेलाच नसतो.

मी यावल तालुक्यात तापीकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते. आमच्याकडे घरोघरी लेवा गणबोली बोलतात आणि या बोलीत ळच्या जागी य येतो. शाळा म्हणजे शाया, फळा म्हणजे फया, डोळा तो डोया, सकाळ ती सकाय, पोळी ती पोयी. अहिराणीत आणि वऱ्हाडीतही हेच ऐकू येतं. बहिणाबाई चौधरींचं असोदं आमच्या जळगाव जिल्ह्यातलंच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली आणि आमच्या घरातला हा य मराठीच्या कपाटात मानाने जाऊन बसला. मीही याच बोलीत वाढले. ‘या मुलांची भाषा अशुद्ध आहे’ असं कुणी म्हटलं की माझ्या मस्तकात तिडीक जाते. सहा वर्षांचं मूल आईकडून जे शिकून आलंय ते नीटच शिकून आलंय.

हे मला एका पावसाळ्यात फार स्पष्ट दिसलं. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले होते, तापी गढूळ होऊन वाहत होती. एक मुलगा धापा टाकत वर्गात आला आणि म्हणाला, “मॅडम, नदीले गाय आला!” नदीला गाळ आला होता. बाहेरगावच्या माणसाला वाटलं असतं, गाय वाहून आली. वर्गातल्या एकाही मुलाला तसं वाटलं नाही. जनावर असतं तर तो ‘गाय आली’ म्हणाला असता. ‘आला’ ऐकताच सगळ्यांना गाळ कळला. दोन शब्दांचा उच्चार एक झालेला, तरी त्यांच्या मनात ते वेगळे होते आणि क्रियापदाच्या लिंगावरून ते वेगळे ओळखण्याइतका कान त्यांच्याकडे तयार होता. पुस्तकात मात्र ‘गाळ’ छापलेलं असतं. मूल ग वाचतं, काना लावतं आणि पुढच्या अक्षराशी थबकतं, कारण त्या खुणेला जोडायला त्याच्या तोंडात आवाजच नसतो.

म्हणून मी ळचं कार्ड दाखवण्याआधी जिभेचा धडा घेते. घरून छोटे आरसे आणते. आधी ल. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं, ते आरशात दिसतं. मग य. मुलं डोळे बारीक करून बघतात आणि शोध लागल्यासारखी ओरडतात, “जीभ कुठीच नाही टेकत!” बरोबर आहे, य म्हणताना जीभ टाळूच्या जवळ जाते, पण टेकत नाही. त्यानंतर ड. घोडा, झाड, गाडी हे शब्द त्यांच्या रोजच्या तोंडचे, ड त्यांना पक्का येतो. ड म्हणताना टोक मागे वळून टाळूला लागतं. इथवर आलं की ळ अगदी शेजारी असतो. जीभ डच्या जागी न्यायची आणि तिथून ल म्हणायचा. वारा जिभेच्या दोन्ही बाजूंनी निघून जातो, टोक पुढे झटकलं जातं आणि ळ उमटतो. ‘अड, अड, अळ’ असं म्हणत वर्ग दणाणून जातो.

काहींना ती जागाच सापडत नाही. त्यांच्यासाठी मी गुळाचा खडा आणते. हात धुवायचे, गुळाचा बारीक कण बोटाने टाळूला, दातांच्या बराच मागे चिकटवायचा आणि फक्त जिभेच्या टोकाने चाटून काढायचा. गूळ विरघळेपर्यंत टोकाला ती वाट माहीत होते. मग मी विचारते, काय खाल्लं? “गूय!” म्हणतात. पुन्हा म्हणा, जीभ तिथेच नेऊन. आणि एखादीच्या तोंडून ‘गूळ’ असा लखलखीत ळ निघतो तेव्हा तिचा स्वतःचा चेहरा बघावा. आपल्या तोंडातून काहीतरी नवीन बाहेर पडलं हे तिला आपोआप कळतं, शाबासकीची वाट ती बघत नाही.

आवाज हाताशी आल्यावरच खूण. पॉलिश पेपरचा ळ कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे, त्यावरून बोट फिरवायचं आणि त्याच वेळी ‘अळ’ म्हणायचं. बोट, कान आणि जीभ एकाच वेळी कामाला लावायची ही रीत माँटेसरीबाईंची. १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि ही पद्धत आपल्या मातीत रुजवली. पुढे १९४५ पासून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. महागडी साधनं तिथे कुठून येणार? आसपासचे दगड, बिया, पानं, शिंपले हीच त्यांची साधनं झाली. आमच्याकडे नदीची वाळू आहे. परातीत वाळू पसरून मुलं ळ गिरवतात, मोडतात, पुन्हा गिरवतात.

वर्णमालेच्या क्रमाने गेलं तर ळ यायला वर्षाचा उत्तरार्ध उजाडतो, कारण तो हच्याही मागे बसलेला आहे. मी तितकी थांबत नाही. शाळा, फळा, खेळ, सकाळ, केळं, डाळ, पोळी हे सहा वर्षांच्या मुलाच्या दिवसातले शब्द आहेत, आणि केळीच्या बागांनी वेढलेल्या गावात ‘केळं’ लिहिता येण्यासाठी मुलाने महिनोन्‌महिने का थांबावं? फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी हा विचार फार आधी मांडला. थोडी अक्षरं द्यायची, त्यांच्यासोबत मात्रा द्यायच्या आणि मुलाला लगेच अर्थाचे शब्द वाचू द्यायचे. त्या भाषाशास्त्राच्या अभ्यासक, फलटणच्या मराठी बोलीवरच त्यांनी पीएच.डी. केलेली. मुलाच्या घरच्या भाषेकडे आदराने बघायला मी त्यांच्याकडून शिकले.

आणि तो आदर वर्गात सांभाळावा लागतो, आपोआप टिकत नाही. एका दुपारी एका मुलाची आजी त्याला न्यायला आली. दारातून म्हणाली, “सुटली का शाया?” नातू सगळ्यांसमोर म्हणाला, “शाया नाही, शाळा म्हण!” आजी हसली, पण पदर सावरत एक पाऊल मागे सरली. मला ते बघवलं नाही. अक्षर शिकवताना मी त्या मुलाच्या हातात आजीला खाली बघायला लावणारी वस्तू देत असेन, तर ते शिक्षण मला नको आहे. मी त्याला जवळ घेतलं. सांगितलं, आजी बोलते ते आपल्या घरचं बोलणं आहे, मीही माझ्या आईशी तसंच बोलते. पुस्तकात ळ येतो, तो पुस्तकासाठी शिकायचा. आणि आजीबाईंना विनंती केली, उद्या वर्गात येऊन गोष्ट सांगाल का?

त्या आल्या. कावळ्याची गोष्ट सांगितली, अस्सल गणबोलीत. प्रत्येक मुलाच्या हातात ळचं कार्ड होतं. आजी बोलतील त्यात पुस्तकातला ळ कुठे कुठे आहे ते ओळखायचं आणि कार्ड वर करायचं. ‘काया’ला कार्डं वर गेली, ‘डोया’ला गेली, ‘सकाय’ला, ‘जवय’ला गेली. मग ‘पाय’ आला आणि अर्धा वर्ग फसला. पाय पुस्तकातही पायच. वाद सुरू झाला. एकीने फळ्यावर येऊन ‘पाळ’ लिहिलं, वाचलं आणि स्वतःच मान हलवली, “हे कानाचं झालं!” पुढे ‘माय’ आला तेव्हा कुणी कार्ड धरलं, कुणी नाही. आजींनाच विचारलं, ही माय कोणती? “तुही माय, घरी वाट पाहे ती,” त्या म्हणाल्या. कार्डं खाली आली. “आन् गळ्यातली माय?” एका कोपऱ्यातून प्रश्न आला आणि सगळी कार्डं पुन्हा वर गेली.

ध्वनी वेगळा ऐकणं, त्याची खूण आठवणं, अर्थावरून खात्री करणं, हे सगळं त्या तासाला झालं आणि त्याची शिक्षिका होती निरक्षर आजी. आता आमच्या फळ्याच्या एका बाजूला ‘घरचं’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पुस्तकातलं’ असे दोन रकाने कायमचे आखलेले असतात. मुलं घरून शब्द आणतात, दोन्हीकडे लिहितात. आज्यांचीही पाळी लागलेली असते.

दिवाळीनंतर मी ण घेते. बोलीत तो न होतो, पाण्याला मुलं पानी म्हणतात, आणि ळप्रमाणे हाही शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. जीभ ळसाठी मागे वळायला शिकलेली असते, त्यामुळे णची जागा पटकन सापडते. खरी कसोटी पुढे असते. मन आणि मण, वन आणि वण. या जोड्यांच्या चिठ्ठ्या मी आत्ताच करून ठेवल्यात.