मुळाविना आलेला तुकडा

हल्ली सूक्ष्मदर्शकाला तासभर डोळा लावला की नजर थकते, त्यामुळे पटकन निदान सांगण्याची ऐट उरलेली नाही. घाई गेल्यावर ध्यानात येतं, की दाताच्या मुळाशी झालेल्या ग्रॅन्युलोमाबद्दल आपण छातीठोकपणे लिहितो त्यातलं बरंचसं स्लाइडवर नसतंच. लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी, फेसाळ मॅक्रोफेज, मध्येच न्यूट्रोफिलचा पुंजका, ही गर्दी ओळखता येते. ती तिथे काय करतेय, ते सांगता येत नाही. काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली दाखवलं, की जंतुविरहित उंदरांत पल्प उघडा पडला तरी तो सावरतो. जंतू असले की मरतो आणि मुळाशी गळू होतं. मेलेल्या पल्पमध्ये रक्तपुरवठा नाही, म्हणून या पेशी आत शिरू शकत नाहीत. त्या बाहेर वेढा घालतात, आणि त्यांच्याच निरोपावरून ऑस्टिओक्लास्ट हाड झिजवतात. म्हणजे हाड जातं ते मुख्यतः पहाऱ्यापायी.

पण पहारा चढाईवर आहे की निवळतोय? नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात भडकवणारी टी-पेशी आणि आवरणारी टी-पेशी, दोन्ही सारखेच गडद ठिपके. कोणी म्हणेल, इम्युनोस्टेन करा. त्यातून पेशीचं नाव कळेल, वेळ कळणार नाही. स्टॅशेन्को यांच्या प्रयोगांत हाड झिजत असताना मदतनीस टी-पेशी जास्त आढळल्या, पुढे दाबणाऱ्या. पण तिथे वेगवेगळ्या दिवसांचे उंदीर होते. माणसाचा तुकडा एकदाच येतो, तोही क्युरेटने खरवडून.

ग्रॅन्युलोमा असो की सिस्ट, उपचार तोच, मग फरक कशाला, हा आक्षेप निम्माच खरा. नायर यांनी २५६ नमुने मुळासकट तपासले, तेव्हा सिस्ट फक्त १५ टक्के निघाल्या : ९ टक्के सर्व बाजूंनी बंद, ६ टक्के रूट कॅनालकडे उघड्या. उघडी सिस्ट कॅनाल साफ झाल्यावर आटू शकते. बंद सिस्ट आपल्या बळावर टिकण्याची शक्यता असते. सीबीसीटीवरची सावली मोजून ‘सिस्ट’ म्हणणाऱ्यांना हा भेद दिसत नाही. मात्र एपिथेलियमचा एक पट्टा दिसताच मीही तोच शब्द लिहीत आलो, कारण त्याने रिपोर्टला वजन येतं.

सिस्ट कॅनालकडे उघडी की बंद, हे मुळाविना आलेल्या तुकड्यात ठरवता येत नाही. म्हणून शल्यविशारदांना विनंती : जमेल तेव्हा तुकडा मुळाच्या टोकाला चिकटलेला तसाच फॉर्मॅलिनमध्ये पाठवा, दिशेसाठी एक टाका घालून.