मधला थांबा

मैत्रिणींनो, लांबच्या प्रवासाला निघायचं म्हटलं की आपलं लक्ष कुठं असतं? दशम्या किती कराव्या, दूधवाल्याला नाही सांगितलं का, तुळशीला पाणी कोण घालील! तिकिटं आणि कागदपत्रं हे खातं घरातल्या पुरुषमंडळींचं. माझ्या संसारात छत्तीस वर्षं असंच चाललं. पण २०२४ च्या जूनमध्ये आम्ही दोघं क्रिकेटचा सामना बघायला पार वेस्ट इंडीजपर्यंत जाऊन आलो, आणि त्या तयारीत मला जो धडा मिळाला तो तुम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या ह्यांना क्रिकेटचं भारी वेड. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली, तेव्हा हे दहा वर्षांचे होते. गावसकरांनी त्या पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या. त्यांची कात्रणं चिकटवलेली वही आमच्या कपाटात अजून आहे. गावसकरांनी ब्रिजटाऊनला नाबाद ११७ केल्या ते पान तर उघडून उघडून पार मऊ पडलंय. "एकदा ते मैदान डोळ्यांनी बघायचंय," असं हे नेहमी म्हणायचे. मग यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि ते बोलणंच बंद झालं. ते मला फार लागलं.

म्हणून २०२४ चा विश्वचषक वेस्ट इंडीज आणि अमेरिकेत आहे हे कळल्यावर मीच मुलाला पुण्याला फोन केला. भारत पुढच्या फेरीत गेला, तर २० जूनचा सामना बार्बाडोस बेटावर, त्याच ब्रिजटाऊनच्या मैदानावर होणार होता. मुलानं उत्साहानं त्याच रात्री विमानाची तिकिटं काढली. स्वस्तात मिळाली म्हणून खूश होता.

चार दिवसांनी दुपारी सगळं आवरल्यावर मी ती तिकिटं आणि आमचे पासपोर्ट घेऊन बसले. सहज हं, वहीत टिपून ठेवावं म्हणून. आणि पहिल्याच ओळीला अडखळले. तिकिटावरचं नाव माझं होतं, आणि नव्हतंही!

तुमच्यापैकी कितीजणींचं असं असेल बघा. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आणि लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं दुसरं. माझं बँकेतलं खातं लग्नाआधीच्या नोकरीपासूनचं, म्हणून कागदोपत्री माहेरचंच नाव राहिलं. पासपोर्टही त्याच नावाचा. मुलानं मात्र ज्या नावानं सगळं घर मला ओळखतं, तेच तिकिटावर घातलं. त्याची तरी काय चूक? ते दुसरं नाव घरात कुणी कधी उच्चारलंच नव्हतं.

पुढं वाचत गेले. मुंबई ते लंडन, लंडन ते ब्रिजटाऊन. पण लंडनपुढं विमानतळाची जी तीन अक्षरं असतात, ती दोन तिकिटांवर वेगवेगळी होती. मुलाला फोन लावला. म्हणाला, "अगं आई, दोन्ही लंडनच!" म्हटलं, बाबा रे, नीट बघून सांग. तेव्हा उलगडा झाला. उतरायचं होतं हीथ्रोला आणि पुढचं विमान होतं गॅटविकचं. दोन्हींत साठ-सत्तर किलोमीटरचं अंतर. म्हणजे मिरज ते कोल्हापूरपेक्षाही जास्त!

प्रश्न नुसत्या अंतराचा नव्हता. बार्बाडोसला भारतीय पासपोर्टावर व्हिसा लागत नाही, म्हणून मुलानं व्हिसाचा विचारच केला नव्हता. पण अडचण मुक्कामाच्या गावी नसते, मधल्या थांब्यावर असते. लंडनच्या विमानतळाबाहेर पाऊल न टाकता विमान बदलायचं असलं, तरी आपल्याला त्यासाठीचा मार्गस्थ व्हिसा लागत होता. आणि आमची तर दोन तिकिटं सुटी सुटी. म्हणजे सामान हीथ्रोला ताब्यात घ्यायचं, त्यांच्या देशात शिरायचं, गॅटविक गाठायचं आणि तिथं ते पुन्हा सोपवायचं. त्याला वेगळा व्हिसा. अमेरिकेमार्गे जावं, तर तिथं नुसतं विमान बदलायलाही व्हिसा हवा, आणि मुलाखतीची तारीख महिनोन् महिने मिळेना.

मुलगा गप्प झाला. तिकिटं रद्द केली तर निम्मे पैसे बुडणार होते. संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "तुमचं तेवढं नीट जमवू. माझं राहू दे. नाव बदला, कागद करा, कशाला तो व्याप?" खरं सांगते, मनातून रडू येत होतं, पण आपल्या जिभेला सवयच असते ना, "माझं राहू दे" म्हणायची!

हे थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते नाव तांदळात मी लिहिलं होतं. घोळ माझा आहे, निस्तरतो मी. तुझ्याशिवाय मला ते मैदान बघायचं नाही."

मग आम्ही तिघांनी मिळून नव्यानं मांडणी केली. बुडालेले पैसे माझ्या भिशीतून भरून काढले. या खेपेला मुंबईपासून ब्रिजटाऊनपर्यंत एकच तिकीट काढलं, म्हणजे सामान थेट शेवटी मिळतं आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढची सोय कंपनीनं करायची. दोन्ही विमानं हीथ्रोचीच घेतली आणि मध्ये चांगले चार तास ठेवले, कारण तिथं पुन्हा तपासणीच्या रांगेत उभं राहावं लागतं. नावं पासपोर्टात पाहून अक्षर न् अक्षर लावली. मार्गस्थ व्हिसाचे अर्ज एप्रिलमध्येच केले. अर्जाबरोबर आमचे पासपोर्ट जमा झाले, तेव्हा तेवढे दिवस दुसरं काही करता आलं नाही, हेही ध्यानात ठेवा. ह्यांच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि एकेक जोड कपडे हातातल्या पिशवीत घेतले. आणि बेटं बदलायची नाहीत असं ठरवलं, कारण तिथलं बेट म्हणजे बहुधा वेगळा देश आणि वेगळे नियम.

मुंबई ते लंडन नऊ-दहा तास, पुढं जवळजवळ तेवढेच. पाय सुजले, पण कुठं अडलं नाही. ब्रिजटाऊनला खिडकीमागच्या बाईंनी पासपोर्ट उघडला आणि मोठ्यानं माझं नाव वाचलं. शाळेतलं नाव! छत्तीस वर्षांनी ते कुणी परक्या मुलखात उच्चारलं, आणि मी वर्गात उभी राहावी तशी ताठ झाले. हे शेजारून हळूच म्हणाले, "छान आहे की नाव!"

सामना आपण ४७ धावांनी जिंकला, हे तुम्हांला ठाऊकच आहे. सूर्यकुमारचं अर्धशतक, बुमराहचे तीन बळी. पण माझं अर्धं लक्ष शेजारी होतं. हे वही मांडीवर घेऊन बसले होते आणि ते मऊ पडलेलं पान उघडं होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, लेकाच्या पदवीदानाला जायचं असो की सामन्याला, प्रवास मधल्या थांब्यापासून आखा. नियम वरचेवर बदलतात, म्हणून तिकिटाआधी त्या त्या देशाच्या वकिलातीची माहिती स्वतः वाचा. आणि आज दुपारी कपाटातून आपला पासपोर्ट काढून त्यावरचं नाव बघा. मुदत संपायला सहा महिन्यांहून कमी उरले असतील तर तो आधी नवा करा. आणि ते नाव एकदा घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांनाही ते ठाऊक असायला हवं.