नाव काय?

मागे ऑनसाईटला कोपनहेगनमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. टीममधला एक डॅनिश मित्र कँटीनमध्ये जेवता जेवता लॅपटॉप उघडून बसायचा. मला वाटलं, एखादा बग छळतोय. डोकावलो तर एक्सेल शीट! डावीकडे मुलांची नावं, पुढे रकाने: डेन्मार्क, जपान, आजोबा, आजी. त्याची बायको जपानी. मुलगा होऊन पाच आठवडे झालेले आणि बाळ अजून बिननावाचं.

आपल्याकडे कसं, बाराव्या दिवशी आत्या पाळण्यापाशी जाऊन बाळाच्या कानात कुर्र करते आणि विषय संपतो. मी म्हटलं, "एवढं टेन्शन कसलं?" तर कारण होतं. डेन्मार्क नाव ठेवायला 6 महिने देतं. पण परदेशात जन्मलेल्या अशा बाळाची नोंद जपानी वकिलातीत 3 महिन्यांत करावी लागते आणि तेव्हाच 'जपानी नागरिकत्व राखून ठेवतो' असं कळवावं लागतं. राहून गेलं, तर नागरिकत्व जन्मापासूनच गेलं! आणि नावाचा रकाना कोरा ठेवून अर्ज द्यायला तिचं मन घेत नव्हतं.

बाकी रिक्वायरमेंट्स पण भारी. डेन्मार्कमध्ये सरकारमान्य नावांची यादी असते. यादीबाहेरचं हवं तर वेगळा अर्ज. जपानमध्ये नावात फक्त ठराविक, साधारण 3,000 कांजी चालतात, किंवा मग तिथल्या दोन अक्षरमाला. शिवाय जपानीत 'ल' आणि 'र' वेगळे नाहीत, 'व' चा सहज 'ब' होतो.

'रेन' हे जपानमधलं लाडकं नाव, एक अर्थ कमळ. पण डॅनिशमध्ये 'रेन' म्हणजे स्वच्छ. शाळेत पोरं रोज विचारणार, आंघोळ केलीस का? कट.

मित्राच्या वडिलांना हवं होतं 'वाल्देमार'. त्यांच्या वडिलांचं नाव. कोबेच्या आजींनी फोनवर म्हणून बघितलं: "बा-रु-दे-मा-रु". सगळे हसले. आजीही हसल्या. बाळाची आई मात्र हसली नाही.

एका शनिवारी मी त्यांच्याकडे कॉफीला गेलो, तेव्हा आजोबाही होते. त्यांनी मधला मार्ग सुचवला, वाल्देमार दुसरं नाव म्हणून ठेवा. पण जपानच्या कुटुंबनोंदणीत मधलं नाव असा प्रकारच नाही आणि दोन पासपोर्टांवर दोन नावं तिला नको होती. ती हळूच म्हणाली, "माझी आई 78 वर्षांची आहे. अजून किती वेळा इथे येईल? फोनवर तरी तिला त्याला नीट हाक मारता यावी."

आजोबा बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "यादीत अजून काय आहे?"

यादीत होतं 'काय'. जपानीत एकाच कांजीत लिहितात, अर्थ समुद्र. डॅनिशमध्ये हे जुनं नाव आहेच, शिवाय 'काय' म्हणजे बंदराचा धक्का, आपल्या भाऊच्या धक्क्यातला. आणि बाळ जन्मलं ते गावही 'व्यापाऱ्यांचं बंदर' या अर्थाचं. आजोबा म्हणाले, "अरे, हे तर माझ्या वयाच्या माणसाचं नाव!" तिकडे कोबेत ते आजच्या पोरांचं नाव. जमलं.

लोक म्हणतात, अशा नावात दोन संस्कृतींचा संगम होतो. असेल. मला त्या दिवशी दिसलं ते एवढंच, की एका म्हाताऱ्या माणसानं आपल्या वडिलांचं नाव सोडून दिलं. का, तर ज्या बाईशी त्याला धड चार वाक्यं बोलता येत नाहीत, तिला नातवाला हाक मारता यावी म्हणून. एक्सेलमध्ये याला रकाना नव्हता.

अर्ज वेळेत गेला. रात्री आईला फोनवर सांगितलं, नाव ठेवलं एकदाचं.

"अरे वा! नाव काय?"

"हो."

"हो काय? नाव काय ठेवलं?"

"अगं, काय!"

"तुला धड सांगायचंय का नाही?"

बहुधा तिला अजूनही खरं वाटलेलं नाही. :)