पाण्याचे वजन

पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, हे आपण शाळेत घोकलेले असते. पण पाण्याला वजन आहे, आणि ते भरपूर आहे, हे नळावरून घागर आणणाऱ्या आयाबहिणींखेरीज फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही. काचेच्या पेटीत तेच पाणी इतके निवांत दिसते की चार मासे आणि दोन पाणवनस्पती यांचे ओझे ते काय असणार, असेच पाहणाऱ्याला वाटावे!

आमच्या धाकट्या बंधुराजांनाही तसेच वाटत होते. पी. यू. सी.च्या दुसऱ्या वर्षाला गाडी अडल्यापासून हा मुलगा माडीवरच्या खोलीतून खाली येईनासा झाला होता. जेवायला बोलवावे तर "भूक नाही", बोलायला जावे तर पाठ. अशात एके दिवशी त्याने आपण होऊन तोंड उघडले. सुट्टीत दुकानात काम करून साठवलेल्या पैशांतून चार फुटी मत्स्यपेटी घ्यायची आणि माडीवर आपल्या खिडकीशी ठेवायची! नाही म्हणायची कोणाची छाती होईना. मात्र आमचे शहापुरातले घर पणजोबांच्या वेळचे. मातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीची जमीन. आणि त्या खिडकीच्या बरोबर खाली आज्जीचा पलंग.

बी. एस्सी.ला पदार्थविज्ञान घेतल्याचा घरी प्रथमच उपयोग झाला. पेटी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. वर थोडी जागा सोडली तरी २२० लिटर पाणी, म्हणजे २२० किलो. १० मिलिमीटर जाडीच्या काचा सुमारे ५० किलो, वाळू-गोटे ३०, लोखंडी स्टँड ४०. बेरीज ३४०. म्हणजे वर्गातल्या एका बाकाएवढ्या जागेत पाच-सहा जणांनी दाटीने उभे राहायचे, तेही रात्रंदिवस, वर्षानुवर्षे. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात (१९८७) राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरला आहे. पेटीखाली तो ६३० च्या घरात जात होता. बाकीची खोली रिकामी असते, तेव्हा एवढ्यावरून माडी कोसळेल असे नाही. पण लाकडाचा स्वभाव असा, की येणारे-जाणारे पाहुणे ते सहज सोसते. कायमचे ओझे मात्र त्याला हळूहळू वाकवते.

मार्ग नव्हता असे नाही. तुळईच्या मध्यावर वजन ठेवले तर ती सर्वांत जास्त वाकू पाहते. तेच वजन भिंतीकडे, लांबीच्या एक-दशांशावर सरकवले, तर वाकवणारा जोर जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येतो. शिवाय पेटी तुळयांना आडवी ठेवावी, म्हणजे दोन-तीन तुळया भार वाटून घेतात. खिडकी भिंतीतच होती. गणित सुटले!

पण गणितातली तुळई आणि घरातली तुळई या वेगळ्या. जुन्या घरात तुळईचे टोक मातीच्या भिंतीत गाडलेले असते, आणि बेळगावचा पावसाळा नेमका तिथे झिरपतो. वाळवीचा संसारही तिथेच. म्हणून ओळखीच्या सुतारमामांना बोलावले. त्यांनी हातोडीच्या दांड्याने तुळई मध्यावर ठोकली. खणखणीत आवाज आला. भिंतीपाशी ठोकली, आवाज बदलला. पेचकसाचे टोक दाबले तर ते बोटभर आत गेले. मामा एकच शब्द बोलले, "टोळ्ळु." पोकळ! अर्थ कळायला कन्नड विभागातल्या मित्रांकडे जायची गरज नव्हती. शब्द जसा वाजला तशीच तुळई वाजत होती.

भावाला सांगायचे काम माझ्याकडे आले. त्याने कागद घेतला, बेरीज दोनदा तपासली आणि काही न बोलता परत दिला. पुन्हा माडीचे दार लागते की काय, या काळजीत सगळे असताना आज्जी म्हणाली, "अरे, माझी कणगी काढा की सोप्यातली! आता धान्य कोण भरतंय तीत? मासं ठेवा तिथं."

सोप्यात शहाबादी फरशी, खाली मुरूम. तरीही फरशी ठोकून पाहिली, कारण जुन्या घरात जमिनीखाली कुठे पेव निघेल याचा नेम नसतो. स्टँडच्या पायांखाली जाड फळी, पेटीखाली थर्माकोल आणि गवंड्याची पाणसळ लावून सपाटी. हवेची मोटर पाण्याच्या पातळीहून वर, म्हणजे वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे उतरत नाही. वायरला खाली झोल, म्हणजे ओघळलेले थेंब प्लगपर्यंत पोचत नाहीत. पेटी आधी अर्धीच भरली आणि पाण्याची रेघ काचेच्या कडेशी समांतर राहते ना, हे दोन दिवस पाहिले. भरलेली पेटी हीच सर्वांत खरी पाणसळ!

माडीच्या तुळईला मामांनी टेकू दिला आहे, आज्जीचा पलंगही सरकला आहे. माशांचे निमित्त झाले नसते तर तिच्या डोक्यावरचे ते टोक कोणी ठोकून पाहिले असते? भाऊ आता संध्याकाळी सोप्यात बसतो. येणारे-जाणारे माशांची नावे विचारतात, तोही सांगतो. पुन्हा परीक्षेला बसायचे म्हणतो. आज्जी दुपारी मासे मोजते. तिचा आकडा रोज वेगळा येतो आणि भावाला तो रोज दुरुस्त करून द्यावा लागतो.