दुखण्यानें दाखविलेली वाट

दुखणें माणसास पुष्कळदां त्याच्या पुढील कामाची दिशा दाखवितें. लहानपणीं ज्यानें रोग भोगला, त्यास रोग्यांची सेवा करण्याची इच्छा व्हावी, हें स्वाभाविकच आहे. आमच्या हायस्कुलांतून बाहेर पडून वैद्यकी, शुश्रूषा अशा धंद्यांत शिरलेल्या विद्यार्थ्यांस ‘याच वाटेला कां वळलां?’ असें विचारलें असतां, उत्तर बहुधा घरांतील एखाद्या अंथरुणापाशीं जाऊन पोहोंचतें. परंतु वाट दाखविणें निराळें आणि त्या वाटेनें चालण्याची पात्रता देणें निराळें. हा भेद आम्हांस आमच्या धाकट्या बंधूच्या चरित्रावरून नीट कळला. तो आज अमेरिकेंत कायरोप्रॅक्टिक नांवाच्या पद्धतीनें पाठीच्या विकारांवर उपचार करितो. त्याची हकीकत आमच्या वाचकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून, त्याच्या संमतीनें, ती येथें देत आहों.

गोष्ट १९९३ सालची आहे. आमचें गांव मिरजेपासून सात-आठ कोसांवर. वडील तेथील प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. बंधूचें वय तेव्हां दहा वर्षांचें. गोट्या खेळण्यांत त्याचा हात धरणारा गांवांत कोणी नव्हता. त्या वर्षीं पावसाळा संपतां संपतां त्याची पाठ दुखूं लागली. पुढें पुढें तर जमिनीवरची गोटी उचलण्यास तो वांकेनासा झाला. पाठ ताठ ठेवून, एक हात गुडघ्यावर टेकून, उकिडवा बसे व मग गोटी उचली. सोबत्यांस ती मोठी गंमत वाटे. संध्याकाळीं अंगांत कणकण येई, जेवण तुटलें होतें, आणि रात्रीं झोपेंत तो एकाएकीं ओरडून उठे.

झाडावरून पडला असेल व घरीं सांगत नसेल, असें सर्वांस वाटलें. आजीच्या सांगण्यावरून गांवांतील एका अंग चोळणाऱ्या गृहस्थास बोलाविण्यांत आलें. हा मनुष्य सज्जन होता. मेंढपाळांचे मुरगळलेले पाय व गाडीवरून पडलेल्यांचे निखळलेले खांदे त्यानें बसविले होते, आणि त्याबद्दल तो कोणापासून पैसा घेत नसे. त्यानें तीन दिवस तेल लावून पाठ रगडली व तिसऱ्या दिवशीं पाठीवर गुडघा रोवून मणका ‘बसविण्याचा’ प्रयत्न केला. चौथ्या दिवशीं सकाळीं बंधू अंथरुणावरून उठला तों त्याचे पाय लटपटूं लागले. वडिलांनीं त्यास खांद्यावर घेतलें आणि मिळेल त्या मोटारीनें मिरज गांठली.

मिरजेच्या मिशन दवाखान्याची स्थापना डॉ. विल्यम वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं केली. आमच्या भागांतील गोरगरिबांस तो दवाखाना म्हणजे मोठाच आधार होता. तेथील डॉक्टरांनीं खिशांतून एक नाणें काढून जमिनीवर टाकलें आणि ‘उचल पाहूं’ असें म्हटलें. आईच्या आधारानें बंधू नेहमींप्रमाणें उकिडवा बसला. डॉक्टर कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं त्याच्या पाठीवरून एक बोट हलकेंच खालीं नेलें व एका जागीं थांबविलें. तेथें लहानसा उंचवटा होता. एक्स-रे काढला तेव्हां कमरेच्या वरचे दोन मणके पुढच्या बाजूनें झिजून पाचरीसारखे झालेले दिसले. तो मणक्यांचा क्षय होता.

या रोगाचें वर्णन पर्सिव्हल पॉट या इंग्रज शस्त्रवैद्यानें १७७९ सालींच केलें होतें. क्षयाचा जंतु मात्र रॉबर्ट कॉक यानें १८८२ सालीं शोधून काढला. हे जंतु बहुधा फुप्फुसांतून रक्तावाटे मणक्यांत येतात व त्यांचा पुढील भाग पोखरतात. तो भाग खचला म्हणजे पाठीवर टेंगूळ येतें. आंतील पू किंवा खचलेलें हाड मज्जारज्जूवर दाबलें तर पाय लुळे पडतात. अशा जागीं जोर करणें म्हणजे वाळवी लागलेल्या खांबावर अधिक भार टाकणें होय. डॉक्टरांनीं वडिलांस एवढेंच बजाविलें, “या पाठीवर आतां कोणासही हात दाबूं देऊं नका.”

औषधें जवळजवळ दीड वर्ष चाललीं. पहिले कित्येक आठवडे बंधू अंथरुणावर उताणा पडून होता. नंतर त्यास पाठीचा पट्टा मिळाला. ईश्वरकृपेनें पायांत पूर्ववत् बळ आलें, परंतु पाठीवरील उंचवटा तेवढा आजतागायत राहिला आहे. त्या दिवसांत आम्ही शाळेंतून आल्यावर त्याच्या उशाशीं बसून त्याचे धडे वाचून दाखवीत असूं. त्याचें लक्ष मात्र धड्यांपेक्षां मणक्यांकडे अधिक! मानेचे सात, पाठीचे बारा व कमरेचे पांच, एवढें त्यानें डॉक्टरांपासून ऐकून घेतलें होतें. मग तो आमच्या, आजीच्या, आणि उठूं लागल्यावर गोठ्यांतील वासराच्याही पाठीवर बोट फिरवून मणके मोजूं लागला. आजी म्हणे, “पोराला दुसरें वेडच नाहीं.” तें वेड पुढें कमी झालें नाहीं.

शाळा संपल्यावर त्यानें फिजिओथेरपीची पदवी घेतली, तीन वर्षें नोकरी केली, आणि मग अमेरिकेंतील डॅव्हनपोर्ट येथें कायरोप्रॅक्टिक शिकण्यास जाण्याचा बेत सांगितला. वडील इतके संतापलेले आम्हीं पूर्वीं कधीं पाहिले नव्हते. “ज्या रगडण्यानें तुझे पाय जात होते, तेंच शिकण्यासाठीं कर्ज काढून सातासमुद्रांपलीकडे जाणार काय?” असें त्यांनीं विचारलें. बंधूनें शांतपणें उत्तर दिलें, “बाबा, त्या गृहस्थाच्या हातांत दोष नव्हता. कातडीखालीं काय चाललें आहे, हें ओळखावयास त्यास कोणीं शिकविलें नव्हतें. मला हात त्याचे हवेत, आणि डोळे त्या डॉक्टरांचे.” वडील दोन दिवस बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं कर्जाच्या कागदावर सही केली. तें साल २००९.

डॅव्हनपोर्ट हें आयोवा संस्थानांतील मिसिसिपी नदीकांठचें शहर या पद्धतीचें जन्मस्थान होय. तिचा संस्थापक डॅनियल डेव्हिड पामर हा १८४५ सालीं कॅनडांत जन्मला. तो कांहीं काळ शाळामास्तर होता, हें वाचून आम्हांस मौज वाटली. १८ सप्टेंबर १८९५ रोजीं त्यानें हार्वे लिलार्ड नांवाच्या, कित्येक वर्षें नीट ऐकूं न येणाऱ्या झाडूवाल्याच्या पाठीचा एक मणका दाबून बसविला व त्यास ऐकूं येऊं लागलें, असें पामरनें लिहून ठेविलें आहे. सॅम्युएल वीड या पाळकांनीं ‘हात’ व ‘कृति’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून पद्धतीस नांव सुचविलें, आणि १८९७ सालीं पामरनें आपली शाळा काढली.

पुढें पामर असें प्रतिपादूं लागला कीं, बहुतेक सर्व रोगांचें मूळ सरकलेल्या मणक्यांतच आहे. हें मत शास्त्राच्या कसोटीस उतरलें नाहीं. अर्थात् पद्धति सर्वथा निरुपयोगी ठरली असेंही नाहीं. साध्या कंबरदुखीस तिच्या उपचारानें बेताचा गुण येतो, व अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यसंस्थेनें २०१७ सालीं अशा दुखण्यासाठीं औषधांखेरीज जे उपाय सुचविले त्यांत मणक्यांवरील हस्तोपचारही आहे. मानेस हिसका देण्यांत मात्र क्वचित् रक्तवाहिनीस इजा होण्याचा धोका सांगतात. अमेरिकेच्या पन्नासही संस्थानांत या धंद्यास परवाना लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं या पद्धतीच्या शिक्षणाविषयीं व सुरक्षिततेविषयीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत कोणत्या पाठीवर हा उपचार मुळींच करूं नये याची यादी आहे. आणि त्या यादींत मणक्यांचा क्षय स्पष्ट शब्दांत नमूद आहे.

बंधूनें लिहिलें आहे कीं, ती यादी वर्गांत प्रथम वाचली तेव्हां त्याचा हात नकळत आपल्या पाठीवरील उंचवट्याकडे गेला. आज रोगी आला म्हणजे तो आधीं विचारतो: रात्रीं दुखतें काय? ताप येतो काय? वजन घटलें काय? पायांतील शक्ति कमी झाली काय? उत्तरें संशयास्पद असलीं तर तो पाठीस हात न लावतां रोग्यास डॉक्टरांकडे पाठवितो. त्या दिवसाची त्याची मिळकत बुडते, व कधीं कधीं रोगी रागावतोही. “मी हात लावला त्यांच्यापेक्षां ज्यांना लावला नाहीं, त्यांची आठवण मला अधिक समाधान देते,” असें त्याचें एक वाक्य आम्हीं जपून ठेविलें आहे.

२०१५ सालीं तो प्रथमच रजेवर गांवीं आला, तेव्हां त्या वृद्ध गृहस्थास भेटावयास गेला. आम्हीही बरोबर होतों. म्हाताऱ्यास प्रथम शरमल्यासारखें झालें. परंतु बंधूनें त्याच्या पायांशीं बसून पाटीवर पाचरीसारख्या मणक्याचें चित्र काढलें, खुणा समजावून दिल्या व नाणें उचलण्याची परीक्षाही करून दाखविली. म्हातारा पुष्कळ वेळ त्या चित्राकडे पाहत बसला. त्यानंतर तो तीन वर्षें जगला. त्या काळांत पाठ धरलेलें मूल कोणी त्याच्याकडे आणलें, तर तो तेलाची वाटी बाजूस ठेवी व अंगणांत रुपया टाकून म्हणे, “आधीं एवढा उचलून दाखव, बाळ.” त्यानें अशीं दोन मुलें मिरजेस पाठविल्याचें आम्हांस ठाऊक आहे. त्यांपैकीं एकास खरोखरच तो रोग निघाला. तें मूल आज चांगलें चालतें.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं कित्येकांनीं स्वतः किंवा आपल्या माणसांच्या ठायीं दुखणें पाहिलें असेल, व त्यांतून दुसऱ्याचें दुःख हलकें करण्याची इच्छा तुमच्या मनांत उपजली असेल. ती इच्छा मोलाची आहे. तिला अंतर देऊं नका. मात्र तिच्या जोडीला शरीरशास्त्राचें पुस्तक, गुरूंची शिकवण आणि ‘हें मला समजत नाहीं, तुम्ही डॉक्टरांकडे जा’ असें म्हणण्याचें धैर्य, हीं तिन्ही अवश्य मिळवा.