आधी चारही कोपरे

गणपती मंडळांचे अहवाल हातावेगळे होतात न होतात तोच दिवाळी अंकांची मुखपृष्ठं येऊ लागतात, त्यांच्या मागोमाग कॅलेंडरं. ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक 1909 साली निघाला, तेव्हापासून मराठी माणसाची रंगीत छपाईची हौस पावसाळ्याच्या शेपटाला बांधलेली आहे. आणि आमच्या छापखान्याचा गाळा कळव्यात. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर. भाद्रपदात इथे वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात. कागद तर ओल ओढून घ्यायला टपलेलाच असतो.

छापताना एक रंग दुसऱ्यावरून सरकला की मशीनवरच्या मुलाचा हात पहिल्यांदा पान्याकडे जातो. ही सवय मोडायला मला फार वेळ लागतो, पण मी ती मोडतोच. कागद वाचल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, एवढा एकच हट्ट मी इतकी वर्षं धरून बसलोय.

किती बारीक काम आहे हे एकदा मोजून बघावं. 150 लाइनच्या स्क्रीनला दोन ठिपक्यांत जेमतेम 0.17 मिलिमीटर अंतर. दुसरीकडे, 20 इंच रुंदीचा कागद हजारात एक भाग फुगला तरी अर्धा मिलिमीटर वाढतो. म्हणजे कडेचे ठिपके तीन घरं पुढे गेले. चित्रातल्या बाईच्या ओठाला एका बाजूने गुलाबी कड सुटते, नथीचा मोती दोनदा दिसतो. आपल्या लिपीचे हाल तर वेगळेच. चार रंगांच्या जमिनीवर पांढरी अक्षरं सोडलेली असली की जरा रंग हलताच पहिला बुजतो तो अनुस्वार. मग रफाराचा आकडा, मग वेलांटीचं पोट. इंग्रजी मथळा तेवढ्याच चुकीत तग धरतो, मराठी मथळ्याचं शुद्धलेखन बिघडतं.

मागे एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आमच्याकडे आलं. आमचं मशीन दोन रंगांचं, त्यामुळे कागद दोनदा फिरतो: आधी सायन-मजेंटा, मग पिवळा-काळा. कागद ग्राहकाने स्वतः आणून दिला होता, कापूनच. काही कागदाचा पहिला फेरा संध्याकाळी उरकला, रात्रभर पाऊस पडला, सकाळी दुसरा फेरा लावला आणि पिवळा जागेवर बसेना.

“दादा, साइड ले सरकवू का?” मुलगा म्हणाला. (साइड ले म्हणजे कागद बाजूने जागेवर बसवणारा अडसर.)

“कशाला हात लावू नकोस. आधी चारही कोपरे बघ.”

त्याने भिंग टेकवलं. ग्रिपरकडचे, म्हणजे मशीन कागद पकडतं त्या कडेचे, दोन्ही जुळणीचे क्रॉस थोडेसे बाहेरच्या बाजूला हललेले, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. टेलकडे, म्हणजे मागच्या कडेला, तोच फरक आणखी मोठा. मधोमध मात्र रंग रंगावर बरोबर. इथेच निम्मं उत्तर मिळालं होतं. चारही क्रॉस एकाच दिशेला सारखे सरकले असते तर ले किंवा प्लेट बघितली असती. एक बाजू वर नि दुसरी खाली असती तर प्लेट तिरकी बसली म्हणायचं. प्रत्येक कागदावर चूक वेगळी दिसली असती तर फीडर, साइड ले, ग्रिपरची पकड. क्रॉस जागेवर पण ठिपक्याला सावली असती तर ब्लँकेट ढिलं. इथे चूक मधून दोन्हीकडे पसरत गेली होती, म्हणजे कागदच रुंद झाला होता.

तरी मशीनवरचा संशय फिटायला हवा, म्हणून एक जुनी परीक्षा घेतली. त्याच गठ्ठ्यातले थोडे कोरे कागद एकाच रंगाने छापायचे आणि लगेच, काहीही न हलवता, तेच कागद पुन्हा घालायचे. रेघेवर रेघ बसली. मशीन निर्दोष.

मग कागदाचा चतकोर फाडून त्याची एक बाजू ओली केली. तो वळला आणि त्याची सुरळी झाली. सुरळी ज्या दिशेला लांब, ती ग्रेन, कागदातल्या तंतूंची दिशा. ती निघाली कागद मशीनमध्ये जातो त्या दिशेने, म्हणजे नको तीच. कागद ग्रेनच्या आडवा कितीतरी जास्त फुगतो. ग्रेन सिलिंडरला समांतर असेल तर फुगणं सिलिंडरच्या घेरावर येतं, आणि त्यावर इलाज आहे: प्लेटखालचं पॅकिंग थोडं काढून ब्लँकेटखाली घातलं की छाप लांबते. रुंदीला असा इलाज नाही. कुठलाही पाना कागदाला आडवा आवळू शकत नाही.

हे दुखणं जुनंच आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईहून लोणावळ्याजवळ मळवलीला गेला तो 1899 च्या सुमाराला. तिथे रंगागणिक छपाईचा एक दगड, एका चित्राला डझनभर दगडही लागत. तितक्या वेळा तोच कागद दाबाखाली, आणि बाहेर मावळातला पाऊस. जुनी लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं हाती आली की मी आधी त्यांच्या साडीचे काठ भिंगाखाली धरतो. कुठे लाल रंग केसभर बाहेर आलेला असतो, पण चेहरा नीट जुळलेला. चुकवायचंच असेल तर कुठे चुकवायचं, हे त्या कारागिरांना ठाऊक होतं. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

आम्हीही तेच केलं. छापलेला गठ्ठा थोडा थोडा सोडवून, वारा घालून, एसी चालू ठेवून बराच वेळ ठेवला. कागद थोडा आवळला, पूर्ण नाही. मशीनचं पाणी शाईशी तोल राहील इतपत कमी केलं. चेहरा मध्ये होता, तो अचूक जुळवला आणि उरलेली चूक दोन्ही कडांच्या गडद जमिनीत आणि कटिंगमध्ये समान वाटली. न छापलेला कागद मात्र दोन्ही फेरे एकाच दिवशी लावून काढला, मधल्या वेळात गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून. ते कागद आणि आदल्या दिवसाचे कागद शेजारी ठेवले की भिंग नसतानाही फरक दिसत होता. मुलाने ते दोन नमुने स्वतःच्या कपाटात ठेवलेत.

अंक काढणाऱ्यांना आणि डिझाइन करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. कागद घेताना ग्रेन विचारून घ्या, कापून आणण्याआधी प्रेसला एक फोन करा. बारीक मजकूर चार रंगांत करू नका, निव्वळ काळ्यात ठेवा आणि काळा खालच्या रंगावर सरळ छापू द्या. पांढरी अक्षरं सोडायचीच असतील तर जाड सोडा, अनुस्वाराला जागा राहील इतकी. आणि फाइल द्यायला सर्वपित्री अमावास्येपर्यंत थांबू नका. कागदाला आमच्या हवेत दोन दिवस बसू द्या.